सिंधू नदीत बुडालेल्या पोथ्या

पुढच्या महिन्यात पंधरा दिवस किर्गिझस्तानात फिरायचंय, पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढंच घेऊन. पलंगावर पसारा मांडलाय. तिसरा स्वेटर, जाड टॉवेल, दुसरे बूट, सगळं बाजूला निघालं. अडलंय ते अनुवादाच्या वहीपाशी. काही वर्षांपूर्वी अशीच एक वही रेल्वेच्या डब्यात राहिली. ती पानं मी पुन्हा लिहून काढली, पण ती तीच झाली नाहीत.

इसिक-कुल सरोवराच्या याच वाटेनं सातव्या शतकात ह्युएन त्संग भारताकडे आला. पाठीवर पोथ्यांनी भरलेली चौकट आणि डोक्यावर टांगलेला दिवा, असं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. त्यामुळे तो आपल्याला सडाफटिंग पदयात्री वाटतो. हुइलीनं लिहिलेलं त्याचं चरित्र वेगळं सांगतं. बादशहाची परवानगी नसताना तो चोरून सरहद्द ओलांडतो. वाळवंटात वाट चुकते आणि पाणी पिताना जड पखाल हातातून निसटते. हजार ली पुरायचं पाणी क्षणात वाळूत. तो दहा ली मागे फिरतो, मग पुन्हा पश्चिमेकडे वळतो. चार रात्री, पाच दिवस घसा कोरडा.

पुढे तुर्फानजवळच्या काओचांगचा राजा त्याची तयारी करून देतो, ती यादी मी पुनःपुन्हा वाचते. थंडीसाठी तोंडावरची फडकी, हातमोजे, चामडी बूट, पायमोजे. वीस वर्षांच्या प्रवासाला पुरेल एवढं सोनं, चांदी, रेशीम. आणि वाटेतल्या राजांच्या नावे 24 पत्रं. मला विचाराल तर त्यातलं सर्वांत मोलाचं सामान ही पत्रंच; व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्याला ते सांगावं लागत नाही.

पुलकेशीच्या महाराष्ट्रापर्यंत फिरून तो परतला, तेव्हा ओझं पोथ्यांचं होतं. सिंधू ओलांडताना तो स्वतः हत्तीवर होता, पोथ्या नावेत. वादळ उठलं, नाव हेलकावली, पोथ्यांचे पन्नास गठ्ठे पाण्यात गेले. सोबत घेतलेलं भारतीय फुलांचं बीही गेलं. कपिशाच्या राजानं विचारलं, फुलांचं बी नेत होतास का? ते नेणाऱ्याची नाव इथे अशीच उलटते, म्हणे. ह्युएन त्संगानं माणसं पाठवून काही पोथ्यांच्या नकला करवून घेतल्या, आणि 645 साली 657 ग्रंथ घेऊन तो छांगआनला पोहोचला. उरलेलं आयुष्य, जवळजवळ एकोणीस वर्षं, अनुवादात गेलं.

एवढे ग्रंथ हाताशी असूनही बुडालेले त्याच्या मनातून गेले नाहीत. जवळजवळ दहा वर्षांनी त्यानं भारतातल्या ज्ञानप्रभ नावाच्या भिक्षूला पत्र लिहिलं. सिंधूत एक ओझं गेलं, त्यातल्या ग्रंथांची नावं सोबत देतो आहे, जमल्यास पाठवावेत, असा त्याचा आशय.

वहीच्या पानांचे फोटो काढून ठेव, असं मुलगी म्हणते. काढले. समासातलं पेन्सिलीचं लिखाण त्यात उमटलेलं नाही. ते आता शाईनं गिरवत बसले आहे.