६४ बाइटांचं वाटणीपत्र

घरच्या एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स शेजारी नांदवणं ही लिनक्सच्या हौशी मंडळींनी मागाहून काढलेली पळवाट आहे, असं सर्रास समजलं जातं. कूळ शोधत गेलं की उलटंच दिसतं: ही जागा विंडोज आणि लिनक्स दोघांच्याही जन्माआधी आखलेली होती. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत पीसी डॉस २.० होतं. या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, शेवटचे दोन खुणेला आणि मधले ६४ वाटणीपत्राला. त्यात चार नोंदी मावतात. वाटणी कुठून सुरू होते, केवढी आहे, कोणत्या जातीची आहे आणि संगणक तिच्यातून सुरू करायचा का, एवढं प्रत्येकीत लिहिलेलं. त्या डॉसला स्वतःसाठी यातली एकच वाटणी वापरता येत होती. मग चार नोंदी कशासाठी? आणि घरात एकच कुटुंब राहणार असेल, तर वाटणी कुणाची हे लिहून ठेवायची गरजच काय? उरलेल्या जागा इतरांसाठीच होत्या. यात आयबीएमचं औदार्य नव्हतं, हे खरं. पीसीवर डॉसखेरीज सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिमही चालत, तेव्हा सोय धंद्याची होती. पण वाटणीपत्रात मालकांची यादी बंद केलेली नव्हती.

लिनक्स तर अशाच सामायिक घरात जन्मलं. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने ते मिनिक्स या दुसऱ्या सिस्टिमवर बसून रचलं. पहिली फाइलव्यवस्थाही मिनिक्सचीच उचलली. अडचण होती ती दारापाशी: आत कुणाला सोडायचं? वेर्नर आल्मेसबर्गरचा लिलो हा लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवर नेमका कुठे आहे ते टिपून ठेवी. त्यामुळे कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, की लिनक्स उघडतच नसे. १९९५ मध्ये एरिक बोलिन याने ग्नू हर्ड या सिस्टिमसाठी सुरू केलेला ग्रब हा लोडर फाइलव्यवस्था स्वतः वाचू लागला, आणि विंडोजची निवड झाली की सूत्रं विंडोजच्या लोडरकडे सोपवून बाजूला होऊ लागला. माझ्या मते या कुळातली सगळ्यात समंजस युक्ती हीच. विंडोज नव्याने टाकलं की लिनक्स नाहीसं होतं, मग हा कसला शेजार, असा आक्षेप जुनाच आहे. पण तेव्हा बदलत असे तो ४४६ बाइटांतला द्वारपाल. वाटणीपत्राला धक्का लागत नसे, म्हणून तर लिनक्सचं दार पुन्हा बसवता येई.

२०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवता येतं, तेव्हा आता वेगळी वाटणी कशाला, हा प्रश्न जास्त वजनदार आहे. रोजच्या बऱ्याच कामांना ती सोय पुरते, हे मान्य करायलाच हवं. पण तिथे लिनक्स भाडेकरू असतं: आधी विंडोज सुरू हवं आणि मेमरीचा वाटा त्याच्याकडून मिळायला हवा. वेगळ्या वाटणीतून सुरू झालेल्याला प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड सगळं थेट हाताशी येतं. नव्या यूईएफआय संगणकांनीही वाटणी मोडली नाही, उलट वाढवली: त्यांच्या नव्या वाटणीपत्रात, जीपीटीत, साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते, आणि प्रत्येक सिस्टिमचा लोडर एका सामायिक वाटणीत आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. तरीही अशा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ते १९८३ चं वाटणीपत्र अजून लिहिलं जातं. त्यात एकच नोंद असते, शक्य तेवढी सगळी डिस्क व्यापणारी, म्हणजे एखादा जुना प्रोग्राम डिस्क रिकामी समजून तिच्यावर हक्क सांगणार नाही.