तत्त्वज्ञानाच्या ओसरीवरचं मानसशास्त्र



पन्हाळ्यावर व्याख्यान म्हटलं की लोकांची अपेक्षा ठरलेली असते. सिद्दी जौहरचा वेढा, अंबरखाना, तीन दरवाजा, फार तर मोरोपंतांचा जन्म इथला म्हणून थोडी आर्या. आम्ही यातलं काहीच बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत बी.ए.च्या वर्गाबद्दल. आपल्या भागातल्या पोरापोरींनी साध्या कला शाखेच्या पदवीतून मानसशास्त्र कसं शिकलं, ते त्या पदवीत आलं कुठून, आणि त्यातून त्यांच्या हाती काय लागलं, एवढाच विषय. तरी सुरुवात मात्र गडावरूनच करतो, कारण आमच्या डोक्यात हा विषय पहिल्यांदा शिरला तो सज्जाकोठीसमोर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्गाची सहल इथे आणली होती. बी.ए.ची मुलं, म्हणजे एकाच पोराच्या पिशवीत मराठी, इतिहास आणि मानसशास्त्र अशी तीन विषयांची पुस्तकं. सज्जाकोठीपाशी इतिहासाचे प्राध्यापक सांगत होते. शंभूराजे १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने परतले ते पन्हाळ्यावरच, १६८० च्या जानेवारीत बापलेकांची भेट झाली ती इथे, आणि एप्रिलमध्ये महाराज रायगडावर गेले तेव्हा शंभूराजे इथेच होते. एका मुलीने आमच्याकडे वळून विचारलं, "सर, मानसशास्त्र काय सांगेल? ते का गेले असतील?"

आम्ही गडबडलो. 'रायगडाला जेव्हा जाग येते' तिने वाचलं होतं, त्यामुळे बाप-मुलाच्या संघर्षाचं उत्तर तिच्याकडे तयारच होतं. तिला आमच्याकडून फ्रॉइडची मोहोर हवी होती. आम्ही म्हटलं, "ज्याला प्रश्न विचारता येत नाही, ज्याचं निरीक्षण करता येत नाही, त्याच्या मनाबद्दल मानसशास्त्राने गप्प बसावं." ती म्हणाली, "मग सर, ते नाटक कसं बोलतं?" इतिहासाचे प्राध्यापक हसले. आम्हाला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. पण एक कळलं. हा प्रश्न फक्त बी.ए.च्या वर्गातच उठू शकतो. नुसतं मानसशास्त्र शिकणाऱ्याला सज्जाकोठी दिसत नाही आणि नुसता इतिहास शिकणाऱ्याला तो मनाचा प्रश्न वाटत नाही. त्या मुलीकडे पुन्हा येऊ.

आता हा विषय कला शाखेत आलाच कसा? मूळ पाहायला जरा लांब जावं लागेल, जर्मनीपर्यंत. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली हे प्रत्येक गाइडात पहिल्या पानावर असतं. गाइडात जे नसतं ते असं की वुंट लाइपझिगला प्राध्यापक होते ते तत्त्वज्ञानाचे. नवं शास्त्र जन्माला आलं ते तत्त्वज्ञानाच्या घरात, त्याच्याच ओसरीवर. मग घरात भांडण लागलं. तत्त्वज्ञानाच्या जागा एकेक करून प्रयोगवाल्यांना मिळायला लागल्या, तेव्हा १९१३ साली शंभराहून जास्त तत्त्वज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं, की या लोकांना आमच्या जागांवर नेमू नका, त्यांची वेगळी सोय करा. सह्यांमध्ये हुसेर्ल यांच्यासारखी माणसं होती. गंमत पाहा, वुंट यांनी या फारकतीला विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तत्त्वज्ञानापासून तुटलेला मानसशास्त्रज्ञ नुसता कारागीर होईल.

आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, केवढा मोठा वैचारिक वाद! नोकरीला लागल्यावर कळलं की वाद वैचारिक होताच, पण जागांचाही होता. आमच्याकडे त्याला 'वर्कलोड' म्हणतात.

हिंदुस्थानात कलकत्ता विद्यापीठाने आधी वाट काढली. ब्रजेन्द्रनाथ सील यांनी १९०५ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला आणि १९१६ साली स्वतंत्र विभाग उघडला. तो सांभाळायला आले नरेंद्रनाथ सेनगुप्ता, हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकून आलेले. आणि म्युन्स्टरबर्ग हे वुंट यांचे विद्यार्थी. म्हणजे धागा सरळ लाइपझिगला जातो. आमच्या मुंबई इलाख्यात मात्र मानसशास्त्र बराच काळ तत्त्वज्ञानाच्या बी.ए.मध्येच राहिलं. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि त्यांच्या जोडीला मानसशास्त्र. शिकवणारा माणूस एकच. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला, मुंबईत १९५९ साली उपयोजित मानसशास्त्राचा.

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० चं. आधी ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, मग पुण्याला, आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाला. इथे तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायला होते ना. सी. फडके. होय, तेच कादंबरीकार फडके. लोकांना त्यांची नायक-नायिका आठवतात, तर्कशास्त्राचा तास कुणाला आठवत नाही. पण हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. त्या काळी कोल्हापुरात मनाबद्दल बोलण्याचे दोन मार्ग होते, एक वर्गातला आणि दुसरा कादंबरीतला, आणि दोन्हीकडे माणूस तोच. फडक्यांच्या कादंबऱ्यांवर वाटेल ते आक्षेप घ्या, आम्हीही घेतो. पण माणसाच्या वागण्यामागे कारण शोधायचं असतं ही सवय मराठी वाचकाला लावण्यात त्यांचा वाटा आहे.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं, व्ही. व्ही. कामत. त्यांनी धारवाडला बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पॅरिसच्या मुलांसाठी केलेले प्रश्न धारवाडच्या मुलाला विचारून चालत नाहीत, हे एवढं साधं वाटणारं काम किती कष्टाचं असतं ते करणाऱ्यालाच माहीत. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरली जाते. आमच्या मुलांना हे सांगितलं की ती ताठ बसायची. मानसशास्त्र म्हणजे सगळे परदेशी सूटवाले, अशी त्यांची समजूत असायची. आणि धारवाड तर एसटीने गाठता येण्यासारखं.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघालं, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, स्वतः इतिहासाचे. त्याच सुमाराला ई.बी.सी. सवलत आली होती. घरचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असेल तर फी माफ. तालुक्या-तालुक्याला कॉलेजं उघडली, आणि उघडायला सगळ्यात सोपी शाखा कोणती? कला. प्रयोगशाळा नको, गॅस नको, खडू आणि फळा पुरे. घरातलं पहिलंच शिकणारं पोर सकाळी धारा काढून, सायकल मारत वर्गात यायला लागलं. त्याला मानसशास्त्र मिळालं ते असं, मराठी आणि अर्थशास्त्राच्या मध्ये, आणि शिकवायला बहुधा आमच्यासारखा तत्त्वज्ञानवाला. आमची पदवी तत्त्वज्ञानाची, पुढे डॉक्टरेटही त्यातलीच. मानसशास्त्र आम्ही मुलांच्या एक धडा पुढे राहून शिकलो. हे आज कबूल करायला हरकत नाही.

पण 'खडू-फळा पुरे' हे मानसशास्त्राला लागू नव्हतं. त्याला प्रॅक्टिकल होतं! कला शाखेत जर्नल लिहिणारी एवढीच पोरं. त्यांचा रुबाब काय सांगावा. एका कपाटात सगळी प्रयोगशाळा. म्युलर-लायर भ्रमाची पट्टी, आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र, स्टॉपवॉच, आणि स्मृतीच्या प्रयोगाचा फिरता ड्रम. या ड्रमवर अर्थहीन अक्षरं लावायची. एबिंगहाउस यांनी १८८५ च्या त्यांच्या पुस्तकासाठी अशी सुमारे २३०० अक्षरं बनवली आणि स्वतःवरच प्रयोग केले. आम्ही मराठीत बनवायला बसलो तर पंचाईत. देवनागरीत दोन अक्षरं जोडली की आपल्याकडे त्याचा काही ना काही अर्थ निघतोच. बऱ्याच खटपटीने यादी केली, त्यात एक होतं 'केख'. एका पोराला ते पहिल्याच फेरीत पाठ. विचारलं तर म्हणतो, "सर, आमचं गाव केखले." पन्हाळा तालुक्यातलं केखले! एबिंगहाउस यांच्यापुढे ही अडचण आली नसणार.

आणि भाषा. विद्यापीठात मराठी माध्यम आलं तेव्हा परिभाषाही आली. इंद्रियांना जे नुसतं जाणवतं ते 'वेदन', आणि त्याचा अर्थ लागला की 'संवेदन'. परीक्षेत एकाने लिहिलं, वेदन म्हणजे दुखणे. त्याला शून्य द्यायला हात धजेना. चूक आमच्या शब्दाची होती. पण 'नेणीव' पाहा. फ्रॉइड यांच्या त्या अंधाऱ्या तळघराला संतांच्या भाषेतला हा शब्द मिळाला, आणि वारकऱ्याच्या घरातल्या पोराला तो समजावून सांगावा लागला नाही. भावनांचं नियंत्रण यावर प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत मनाचे श्लोक हमखास. परीक्षक वैतागायचे. आम्ही अर्धा मार्क द्यायचो. रामदासांना मानसशास्त्रज्ञ ठरवायचं नव्हतं आम्हाला. पण मुलाने नवा विषय जुन्या ओळखीच्या खुंटीला टांगून पाहिला, त्याला काहीतरी किंमत हवी की नको?

इथपर्यंत ऐकायला गोड आहे. आता त्या सहलीतल्या मुलीची गोष्ट.

तिला तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडायचा होता. इतिहास घ्यावा की मानसशास्त्र, हे विचारायला ती आमच्याकडे आली. आम्ही सांगितलं, मानसशास्त्र घे, तुझी बुद्धी त्यात चालते. हे खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. त्या वर्षी स्पेशलला मुलं कमी पडत होती. ठरावीक संख्या भरली नाही तर स्पेशल बंद, स्पेशल बंद तर तासिका कमी, आणि तासिका कमी तर आमच्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याची नोकरी धोक्यात. आमच्या मनात ती यादी होती. १९१३ साली जर्मनीत सह्या करणाऱ्यांना आम्ही वर्गात हसत असू; तो हिशेब आमच्याही खिशात होता, फक्त त्याचं निवेदन निघालं नव्हतं.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि बी.एड.ला गेली. तिथे विचारलं, अध्यापन पद्धती कोणती घेणार? शाळेत मराठी आहे, इतिहास-भूगोल आहे, गणित आहे. मानसशास्त्र हा शाळेचा विषयच नाही. बी.एड.च्या अभ्यासक्रमात मात्र शैक्षणिक मानसशास्त्राचा आख्खा पेपर! म्हणजे शिक्षकाला मानसशास्त्र यायला हवं, पण ज्याला मानसशास्त्र येतं त्याने शिकवायचं काय, याचं उत्तर नाही. एम.ए.ला जायचं तर घर सोडून दुसऱ्या शहरात राहायचं, ते घरच्यांना मान्य नव्हतं. हे सगळं तिने विचारलं त्या दिवशी आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. आम्ही बोललो नाही.

आजही बोललं जात नाही म्हणून हे सांगतोय. आता मानसशास्त्राला मुलं कमी पडत नाहीत. उलट तत्त्वज्ञानाचे वर्ग ओस आहेत आणि ओसरीवरचा पाहुणा घराचा मालक झालाय. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही, म्हणजे फारसं नाही. पण पालक आजही येऊन विचारतात, "पोरगी बी.ए. झाली की दवाखाना टाकेल ना?" नाही, टाकता येणार नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला नोंदणी लागते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात या माणसाची व्याख्याच दिली आहे. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी, त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण, तेही प्रत्यक्ष रुग्णांसोबत, देखरेखीखाली. बी.ए. ही त्या जिन्याची पहिली पायरी आहे. पहिली पायरी म्हणून ती उत्तम आहे, पण प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या प्राध्यापकाने जिना किती उंच आहे ते त्याच दिवशी सांगायला हवं, आणि संख्या भरायची असते त्या दिवशी नेमकं तेच अवघड जातं.

त्या मुलीने पुढे बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून इतिहासाचे पेपर दिले आणि शाळेत इतिहासाची शिक्षिका झाली. यात तिची काही वर्षं गेली. काही वर्षांपूर्वी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, दरवर्षी पोरांना पन्हाळ्याला आणते. सज्जाकोठीपाशी पोरं विचारतात, ते का गेले असतील?" आम्ही विचारलं, "मग काय सांगतेस?" ती म्हणाली, "बखर काय म्हणते ते सांगते, नाटक काय म्हणतं ते सांगते, आणि मग त्यांनाच विचारते की तुम्हाला कधी घर सोडून जावंसं वाटलं होतं का. वर्ग एकदम गप्प होतो. नंतर एखादं पोर एकटं येऊन बोलतं."

स्पेशलच्या त्या सल्ल्याचा विषय तिने काढला नाही. आम्हीच काढला. ती म्हणाली, "तेव्हाच्या तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं, सर." एवढंच म्हणाली.

दाराशी धुकं आलंय आणि कोल्हापूरची शेवटची गाडी गाठायची असलेले श्रोते चुळबुळ करताहेत. प्रश्न असतील ते बाहेर चहाबरोबर घेऊ.