बारा दिवसांचा कायदा

ऑस्ट्रेलियातील शस्त्रकायद्याची हकिगत आता जवळजवळ दंतकथेच्या रूपात सांगितली जाते. 28 एप्रिल 1996 रोजी टास्मानिया बेटावरील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने 35 जणांना गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर 10 मे रोजी, म्हणजे अवघ्या 12 दिवसांत, केंद्र सरकार आणि सर्व राज्ये ह्यांनी एका राष्ट्रीय करारास मान्यता दिली. अमेरिकेत एखाद्या शाळेत वा बाजारात असा प्रसंग घडला, की ही गोष्ट कुणीतरी पुन्हा सांगतो आणि ‘त्यांना जमले, आपल्याला का जमू नये?’ असा प्रश्न विचारतो. दंतकथेला लागणारे सारे काही हिच्यात आहे: एक भीषण प्रसंग, एक निश्चयी नेता आणि सहज लक्षात राहणारा एक आकडा. आमचा आक्षेप आहे तो ह्या आकड्याला. तो खोटा नाही. परंतु त्याच्यामुळे आधीची जवळजवळ नऊ वर्षे झाकली जातात, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती वर्षेच अधिक महत्त्वाची आहेत.

प्रथम स्थळाविषयी. पोर्ट आर्थर ही ब्रिटिशांची जुनी कैद्यांची वसाहत. 1830 ते 1877 ह्या काळात तेथे हद्दपार कैदी ठेवले जात. मार्कस क्लार्क ह्या लेखकाने 1870 च्या दशकात कैद्यांच्या जीवनावर लिहिलेल्या कादंबरीने ह्या जागेला वाङ्मयीन ख्याती मिळवून दिली आणि पडक्या तुरुंगांचे हे गाव प्रवाशांचे आकर्षण ठरले. शंभर वर्षांपूर्वीचे क्रौर्य सुरक्षित अंतरावरून पाहावे, चहा प्यावा आणि परतावे, अशी ती रविवारची सहल असे. हत्याकांडाचा मोठा भाग तेथील उपाहारगृहातच घडला. मारेकऱ्याजवळ अर्धस्वयंचलित रायफली होत्या, परवाना नव्हता. त्याचे नाव जगजाहीर आहे, ते आम्ही येथे लिहीत नाही. अशा लेखांतून मेलेल्यांपेक्षा मारणाराच अधिक स्मरणात राहतो, हा अनुभव पुरेसा जुना आहे.

आता त्या झाकल्या गेलेल्या वर्षांकडे वळू. 1987 च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नच्या हॉडल स्ट्रीटवर एका तरुणाने 7 जणांना ठार केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच शहरातील क्वीन स्ट्रीटवरील एका इमारतीत आणखी 8 जण मारले गेले. देश हादरला. राज्यांचे प्रमुख टास्मानियाची राजधानी होबार्ट येथे जमले. पण एकमत झाले नाही. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार बंदुकीची आयात केंद्राच्या हाती असली तरी बंदूक बाळगण्याचे नियम करणे हा राज्यांचा अधिकार होता, आणि टास्मानिया व क्वीन्सलँड ही राज्ये रायफलींच्या नोंदणीलाही तयार नव्हती. बैठक मोडल्यावर न्यू साउथ वेल्सचे प्रमुख बॅरी अन्सवर्थ ह्यांनी, टास्मानियात हत्याकांड घडेल तेव्हाच ह्या देशात शस्त्रसुधारणा होईल, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते वैतागाने काढलेले होते, भविष्य वर्तवण्याचा आव त्यांत नव्हता. परंतु आज ते वाचताना अंगावर काटा येतो.

अन्सवर्थ ह्यांनी आपल्या राज्यापुरते कडक नियम आणण्याचा प्रयत्न केला आणि मार्च 1988 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पराभूत झाला. पराभवाची कारणे अनेक होती. पण बंदुकीला हात लावला की सत्ता जाते, एवढाच धडा बाकीच्या राजकारण्यांनी त्यातून घेतला. इतिहासात पुष्कळदा असे होते. घटनेपेक्षा घटनेचा लावलेला अर्थच दीर्घकाळ राज्य करतो.

तरीही ह्या काळात काम थांबले नव्हते. 1988 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय हिंसाचार समितीने 1990 मध्ये अहवाल दिला आणि त्यात शस्त्रांविषयी सविस्तर शिफारशी केल्या. 1991 मध्ये सिडनीच्या स्ट्रॅथफील्ड भागातील बाजारसंकुलात पुन्हा गोळीबार झाला, 7 जण गेले, पुन्हा मंत्र्यांची बैठक झाली, पुन्हा अर्धेमुर्धे ठराव झाले. शस्त्रनियंत्रणवादी संघटना, डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी हे सारे लिहीत राहिले, निवेदने देत राहिले. फायली जाड होत गेल्या. म्हणून 1996 च्या त्या बारा दिवसांत कुणालाही काही नवे सुचवावे लागले नाही. मसुदा जवळजवळ तयारच होता. त्यावर सही करण्याची लाज तेवढी उरली होती, ती पोर्ट आर्थरने संपवली.

जॉन हॉवर्ड त्या वेळी पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ते उजव्या विचारांचे. त्यांच्या आघाडीतील नॅशनल पक्ष तर शेतकऱ्यांचा, म्हणजे बंदूकधारकांचाच पक्ष. 148 पैकी 94 जागांचे बहुमत त्यांच्यामागे होते आणि विरोधी मजूर पक्षानेही पाठिंबा दिला. राज्ये अडून बसली तर सार्वमत घेऊन हा अधिकारच केंद्राकडे आणू, असा इशारा त्यांनी दिला. हा इशारा परिणामकारक ठरला, कारण त्या आठवड्यांत सार्वमताचा निकाल काय लागेल ह्याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती.

कराराचे तपशील अनेकांनी लिहिले आहेत: अर्धस्वयंचलित रायफली व पंप-ॲक्शन शॉटगन ह्यांवर बंदी, प्रत्येक बंदुकीची नोंदणी, खरेदीपूर्वी 28 दिवसांची प्रतीक्षा. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यातील एका शब्दप्रयोगापाशी थांबावेसे वाटते. परवाना मागणाऱ्याने ‘जेन्युइन रीझन’, म्हणजे खरेखुरे कारण, दिले पाहिजे असे करारात म्हटले आहे. शेती, शिकार, नेमबाजीचा खेळ ही कारणे चालतील. ‘स्वसंरक्षण’ हे कारण मात्र चालणार नाही, असे स्पष्ट नमूद केले आहे. ह्या एका कलमाने वादाचे व्याकरणच बदलले. पूर्वी सरकारला सांगावे लागे, की ह्या माणसाला बंदूक का द्यायची नाही. आता माणसाला सांगावे लागले, की ती त्याला का हवी. प्रश्नचिन्ह एका बाजूचे उचलून दुसऱ्या बाजूला ठेवले गेले. बंदी घातलेल्या हत्यारांची यादी कालांतराने जुनी होते. पण सिद्ध करण्याचा भार कुणावर, हे ठरवणारे वाक्य टिकते.

दुसरा शब्द ‘बायबॅक’. सरकारने त्या बंदुका कधी विकल्याच नव्हत्या, मग ‘परत’ विकत कशा घेणार? तरीही शब्द रूढ झाला आणि उपयोगी पडला, कारण जप्तीचा डंख त्याने काढून घेतला. नागरिकाची मालमत्ता घ्यायची तर न्याय्य मोबदला दिला पाहिजे, हे बंधन केंद्रावर घटनेनेच घातलेले होते. त्यासाठी आरोग्यसेवेचा ‘मेडिकेअर’ उपकर एका वर्षापुरता 1.5 टक्क्यांवरून 1.7 टक्के करण्यात आला. सुमारे साडेसहा लाख बंदुका जमा झाल्या आणि नष्ट केल्या गेल्या. ज्याच्या घरी कधी बंदूक नव्हती त्यानेही खर्चाचा वाटा उचलला. दंतकथा सांगणारे हा भाग बहुधा गाळतात.

विरोध मोठा होता आणि तो सगळाच मूर्खपणाचा नव्हता. जून 1996 मध्ये व्हिक्टोरियातील सेल ह्या गावी हॉवर्ड बंदूकधारकांच्या सभेत बोलले, तेव्हा त्यांच्या कोटाखालचे गोळीरोधक जाकीट छायाचित्रांत स्पष्ट दिसले. समोर बसलेल्या शेतकऱ्यांना त्यात आपला अपमान दिसला. ‘गुन्हा एकाने केला, आणि पंतप्रधान आम्हाला भितात!’ हॉवर्ड ह्यांनी पुढे ते जाकीट घातल्याबद्दल खेद व्यक्त केला. आम्हाला अधिक आदर वाटतो तो उपपंतप्रधान टिम फिशर ह्यांच्याविषयी. ते स्वतः शेतकरी कुटुंबातले, व्हिएतनाम युद्धात लढलेले, नॅशनल पक्षाचे नेते. संतापलेल्या ग्रामीण सभांना त्यांनी आपल्याच मतदारांसमोर उभे राहून तोंड दिले. त्याची किंमतही त्यांच्या पक्षाने मोजली. 1998 मध्ये क्वीन्सलँडच्या निवडणुकीत पॉलीन हॅन्सन ह्यांच्या वन नेशन पक्षाने 11 जागा घेतल्या आणि तेथील नॅशनल-लिबरल सरकार गेले.

सेलच्या शेतकऱ्यांचा अपमान मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नसावा. लिटनच्या कारकिर्दीत 1878 मध्ये हिंदुस्थानात जो शस्त्रकायदा झाला, त्याने देशी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. 1887 पासून राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केले. शस्त्र हा तेव्हा संरक्षणाइतकाच इभ्रतीचा विषय होता. ह्या तुलनेबाबत आम्हां दोघांत मतभेद आहे. एकाला वाटते, ‘आमच्यावर विश्वास नाही’ हे दुःख दोन्हीकडे एकच आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की 1878 चा कायदा परक्या सत्तेने वर्ण पाहून केला, तर 1996 चा करार निवडून आलेल्यांनी सर्वांना सारखा लावला, आणि हा फरक पुसून टाकणे म्हणजे इतिहासच पुसणे. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे: स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा शस्त्रकायदा केला तेव्हा वर्णभेद गेला, परवाना राहिला आणि ‘संरक्षण’ हे कारणही राहिले. ह्या शेवटच्या मुद्द्यावर ऑस्ट्रेलिया आपल्यापेक्षा वेगळ्या वाटेने गेला.

कायद्याचा परिणाम झाला का? मारेकरी वगळून 5 वा अधिक मृत्यू अशी व्याख्या घेतली, तर 1996 पूर्वीच्या 18 वर्षांत अशी 13 हत्याकांडे झाली होती. त्यानंतर 2018 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका कुटुंबाची हत्या होईपर्यंत एकही झाले नाही. बंदुकीने होणारे मृत्यू 1996 च्या आधीपासूनच घटत होते, म्हणून श्रेय कायद्याला किती द्यायचे ह्यावर संख्याशास्त्रज्ञ अजूनही भांडतात. भांडोत बापडे, 13 आणि शून्य ह्यांतील अंतर वाचायला संख्याशास्त्र लागत नाही.

पण करारातले सगळे अमलात आले असेही नाही. राज्यांच्या नोंदवह्या एकमेकींना जोडून देशभराची एकच नोंद व्हावी, हे 1996 मध्येच ठरले होते. संपूर्ण राष्ट्रीय शस्त्रनोंदवहीला प्रत्यक्ष संमती मिळाली ती डिसेंबर 2023 मध्ये, आणि तिच्या पूर्ततेसाठी पुढची काही वर्षे ठरवून देण्यात आली. ती वर्षे संपण्यापूर्वीच, 14 डिसेंबर 2025 रोजी, सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या हनुक्का उत्सवावर बापलेकांनी गोळीबार केला. 15 जण मारले गेले. बापाजवळ परवान्याच्या सहा बंदुका होत्या, म्हणजे त्याचे ‘खरेखुरे कारण’ कधीतरी कुणीतरी तपासून मान्य केलेले होते. दुसऱ्याच दिवशी केंद्र व राज्यांचे प्रमुख पुन्हा एकत्र बसले. एका माणसाजवळ किती बंदुका असाव्यात ह्याची मर्यादा घालणे आणि रखडलेली राष्ट्रीय नोंदवही लवकर पुरी करणे, हे त्यांच्यापुढचे विषय होते.