ऊसतोडीचा दर कोण ठरवतं? आणि दर ठरल्यानंतर कामगारांचं काय?

धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात चैत्र पौर्णिमेला येडेश्वरी देवीची मोठी यात्रा भरते. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन गाव सोडलेली या भागातली ऊसतोड कुटुंबं तोपर्यंत परतू लागलेली असतात. त्यांच्या हंगामभराच्या कमाईचा हिशेब टनामागच्या दरावर चालतो. हा दर ठरतो कसा?

दर कसा ठरतो?

दर काही वर्षांनी साखर कारखान्यांचा राज्य संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मुकादमांचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. मध्यस्थी शरद पवार आणि पंकजा मुंडे यांनी केली. तेव्हा दोघंही सरकारमध्ये नव्हते.

कारखाने वाटाघाटीला का येतात?

तोडणी थांबली की गाळप थांबतं. तोडलेला ऊस वेळेत कारखान्यात पोहोचला नाही, तर वजन आणि साखरेचा उतारा घटतो. त्यात शेतकरी आणि कारखाना, दोघांचंही नुकसान होतं. म्हणजे करारात सगळ्यांचाच फायदा असतो.

सरकार काय करतं?

परळीच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे.

मग अडतं कुठे?

उचल मुकादमामार्फत मिळते आणि काम कारखान्यासाठी होतं. त्यामुळे 'मालक कोण?' हा प्रश्न सुटत नाही. अपघात झाला किंवा बाळंतपण आलं, तर जबाबदारी कुणाची, हेही स्पष्ट नसतं.

यावरचा एक मार्ग महाराष्ट्रातच सापडतो. १९६९ च्या माथाडी कायद्यानं सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची मंडळं उभी केली. मालक मजुरीसोबत लेव्ही मंडळात भरतात आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, उपचार यांची सोय होते. मालक बदलला तरी कामगाराची नोंद मंडळाकडे राहते.

ऊसतोडीत कारखाने आणि कामगार संघटना दरासाठी एकत्र येतात. माथाडी मंडळासारखी कायमची नोंद मात्र ऊसतोड कामगाराला अजून मिळालेली नाही.