पंख आणि पाती एकाच विमानात

स्थिर पंख आणि डोक्यावर फिरणारी पाती यांची एकाच हलक्या विमानात सांगड घालण्याच्या प्रयत्नांना एका अपघातातून चालना मिळाली. स्पेनचे हुआन दे ला सिएर्व्हा यांनी बांधलेले तीन इंजिनांचे विमान 1919 मध्ये वेग मंदावताच कोसळले. वेग गेला तरी विमान आदळू नये, या ध्यासातून त्यांनी ऑटोजायरो घडवला. त्याची पाती इंजिनावर नव्हे, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरतात. मात्र पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, मागे जाणाऱ्याला कमी; त्यामुळे विमान एका अंगावर कलंडते. सिएर्व्हा यांनी पाती बुडाशी बिजागरीवर बसवली. ती वरखाली हलू लागली आणि तोल सावरला. जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ हे यान उडाले, आणि 1928 मध्ये सुधारित ऑटोजायरोने इंग्लिश खाडी ओलांडली. त्या काळच्या ऑटोजायरोंना आखूड पंखही असत. पुढे पातीच हव्या त्या बाजूला कलवता आली आणि पंखांची गरज उरली नाही.

अमेरिकेचे जेरार्ड हेरिक यांना मात्र पंख सोडायचे नव्हते. त्यांची कल्पना या साऱ्या इतिहासातली सर्वांत धाडसी म्हणावी लागेल: दोन मजली पंखांच्या विमानातला वरचा पंख हवेतच मोकळा करायचा आणि त्याचेच फिरते पाते करायचे. पंख फिरू लागला की त्याच्या एका अर्ध्या भागाची मागची कड पुढे येते. म्हणून दोन्ही कडांचा आकार सारखाच ठेवावा लागला. 1931 मध्ये हे रूपांतर हवेत करून पाहताना विमान कोसळले आणि वैमानिक मेरिल लँबर्ट यांचा मृत्यू झाला. तरीही काम थांबले नाही. 30 जुलै 1937 रोजी जॉर्ज टाउनसन यांनी फिलाडेल्फियाजवळ हेरिक यांच्या दुसऱ्या विमानाचा वरचा पंख उडता उडता मोकळा केला आणि ते सुखरूप उतरवले. फिरते पाते पुन्हा हवेतच पंखासारखे स्थिर करणे मात्र त्या विमानाला साधले नाही.

पंख आणि पाती दोन्ही असलेले ब्रिटनचे प्रवासी विमान ‘रोटोडाइन’ 1957 मध्ये उडाले. त्याचा आवाज कानठळ्या बसवणारा होता, आणि 1962 मध्ये तो प्रकल्प गुंडाळण्यात आला.

या जोडणीला खरी अडचण वजनाची आहे: पंख आणि पाती, दोन्हींचा भार सतत वाहावा लागतो. विनाचालक विमानांत माणसाचे ओझे नसते, आणि विजेच्या मोटारींमुळे जड दातेरी यंत्रणाही टळते. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या, नवी मुंबईतील आयडियाफोर्ज कंपनीचे ‘स्विच’ हे असेच विनाचालक विमान पात्यांच्या जोरावर सरळ वर चढते आणि मग पंखांवर पुढे जाते. जानेवारी 2021 मध्ये भारतीय लष्कराने त्याच्या खरेदीचा करार केला.