दारफळणी, खीर आणि मलिदा

खानदेशांतील मुलींना गुलाबाईची ओळख कोणत्याहि पोथीनें करून दिलेली नाहीं. भाद्रपदी पौर्णिमेस मातीची गुलाबाई मांडावयाची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळीं गाणीं म्हणावयाचीं आणि झांकलेल्या डब्यांतील खाऊ ओळखावयाचा, एवढेंच तें शिक्षण. श्रावणांतील कानबाईचेंहि तसेंच. रोटांसाठीं धान्य कसें मोजून घ्यावयाचें हें मूल आईजवळ बसूनच शिकतें. जळगांव-धुळ्याच्या वाचकांस ही गोष्ट इतकी परिचयाची आहे कीं, तींत इतिहासाचें कांहीं साधन असेल असें त्यांस सहसा वाटत नाहीं. परंतु आपल्याच महाराष्ट्रांत एक समाज असा आहे कीं, ज्याचा धर्म कित्येक शतकें मुख्यतः अशा घरगुती कृतींच्या आधारावर जगला. तो समाज म्हणजे कोंकणांतील बेने-इस्रायल यहुदी.

अलिबागनजीक नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें, आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. हें केव्हां घडलें याविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं. मात्र पुढील स्थिति स्पष्ट आहे. हे लोक आजच्या रायगड जिल्ह्यांतील गांवोगांव पसरले, तेलाचा घाणा चालवूं लागले, मराठी बोलूं लागले आणि गांवावरून पेणकर, दिवेकर, केहिमकर अशीं आडनांवें घेऊं लागले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हते, हिब्रू जाणणारा आचार्य नव्हता, प्रार्थनामंदिरहि नव्हतें. एकेश्वराची ग्वाही देणारें 'शमा' हें वचन, सुंता, शनिवारची विश्रांति, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि कांहीं सण एवढेंच धन उरलें होतें.

या सणांचीं जुनीं नांवें मुद्दाम पाहण्यासारखीं आहेत. ज्यास इतर यहुदी 'योम किप्पुर' म्हणतात, तो प्रायश्चित्ताचा दिवस येथें 'दारफळणीचा सण' झाला. कारण त्या दिवशीं दारें लावून घेऊन शुभ्र वस्त्रांत उपोषण करावयाचें असे. मिसर देशांतून झालेल्या सुटकेचा वल्हांडण सण 'अनाशी ढाकाचा सण' झाला. त्या दिवसांत घरांतील आंबट द्रवाचें भांडें झांकून ठेवीत, एवढ्यावरून हें नांव पडलें. नव्या धान्याची खीर करावयाची तो 'खिरीचा सण'. आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल शोक करावयाचा, पण उपास वालाच्या बिरड्यानें सोडावयाचा, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'.

येथें एक गोष्ट लक्षांत येते. ज्या ऐतिहासिक प्रसंगासाठीं सण आहे, त्याचा या नांवांत उल्लेखच नाहीं. उल्लेख आहे तो दाराचा, झांकणाचा, खिरीचा आणि बिरड्याचा. म्हणजे लहान मुलाच्या डोळ्यांस जें दिसतें आणि हातांस जें करतां येतें, तेंच नांव होऊन राहिलें. मिसर विसरला गेला, तरी झांकण राहिलें. पुढें कारण सांगणारा कोणी भेटला, तेव्हां तें बसविण्यास जागा तयार होती.

याच्या उलट उदाहरण हनुक्का या दीपोत्सवाचें. इ. स. पू. १६४ मध्यें यरुशलेमच्या मंदिराचें पुनःशुद्धीकरण झालें, त्याच्या स्मरणार्थ हा सण आहे. जुन्या बेने-इस्रायलांस तो ठाऊक नव्हता. यावरून त्यांचे पूर्वज त्या घटनेपूर्वींच निघाले असावेत, असें अनुमान हाईम शमुवेल केहिमकर यांनीं आपल्या इतिहासग्रंथांत केलें. तो ग्रंथ १९३७ मध्यें प्रसिद्ध झाला. अनुमान मोहक आहे, परंतु निर्णायक नाहीं. जी कृति घरांत एक-दोन पिढ्या खंडित झाली, ती मुळींच नव्हती कीं विसरली गेली, हें केवळ तिच्या अभावावरून ठरवितां येत नाहीं.

अठराव्या शतकापासून कोचीनच्या यहुद्यांशीं संबंध वाढला. शमुवेल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ मध्यें मुंबईस पहिलें प्रार्थनामंदिर स्थापिलें. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. वल्हांडणाच्या रात्रीं घरीं वाचावयाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह १८४६ मध्यें मुंबईस व १८७४ मध्यें पुण्यास निघाली. पुण्याच्या प्रतींत लुगडीं नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत असल्याचें चित्र आहे. पिठास पाणी लागल्यापासून भाजेपर्यंत अठरा मिनिटांहून अधिक वेळ जातां कामा नये, असा या भाकरीचा नियम. त्यामुळें मळणें, लाटणें, टोंचणें, भाजणें हीं कामें अनेक हातांनीं वांटून घ्यावीं लागतात. मग त्या रात्रीं घरांतील सर्वांत लहान मुलानें चार प्रश्न विचारावयाचे आणि वडिलांनीं उत्तरें द्यावयाचीं. पूर्वीं कृति होती, पण प्रश्न नव्हता. आतां दोन्ही एकत्र आलीं.

हनुक्काहि आला. लांकडाची षट्कोनी तारका करून तिला धातूचीं कडीं जडवावयाचीं, त्यांत तेलाचे कांचेचे पेले बसवून ती भिंतीवर टांगावयाची, असा दिवा मुंबईकडील घरांत रूढ झाला. नव्या वर्षाचा हलवा मात्र अस्सल कोंकणी राहिला. गहूं भिजवून काढलेला चीक नारळाच्या दुधांत व साखरेंत घट्ट होईपर्यंत ढवळावयाचा, थापावयाचा आणि वड्या पाडावयाच्या. कुरडयांच्या दिवसांत चुलीभोंवतीं गरम चिकाची वाट पाहणाऱ्या खानदेशी मुलांना हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

या सुधारणेंत लाभ झाला तशी हानिहि झाली. हिब्रू नांवें आलीं आणि दारफळणी, अनाशी ढाकाचा सण हे शब्द मागें पडले. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलांत गेला. तेथें १९६२ मध्यें धर्मपीठानें त्यांच्या विवाहसंबंधांत वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. मोठ्या निषेधानंतर १९६४ मध्यें तो मागें घेण्यांत आला. ज्यांनीं ग्रंथावांचून शनिवार पाळला, त्यांच्याच यहुदीपणाबद्दल ग्रंथ जाणणाऱ्यांनीं शंका घ्यावी, ही विलक्षण गोष्ट होय.

त्या परक्या वस्तींत जें टिकलें त्यांत मलिदा प्रमुख आहे. एलियाहू प्रेषिताच्या नांवें पोहे, ओलें खोबरें, साखर व फळें यांचें ताट मांडून घरच्या मंडळींनीं स्तुति गावयाची. अलिबागजवळ खंडाळें येथें याच प्रेषिताच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. इस्रायलांत वाढणाऱ्या मुलास मराठी येत नसलें, तरी पोह्यांत खोबरें कालवितां येतें, आणि आजीचें गांव कोंकणांत होतें हें त्यास त्या ताटावरून कळतें.

आपल्याकडेहि आतां गुलाबाईची मूर्ति बाजारांतून तयार आणली जाते, आणि मुलांचा वेळ वांचविला असें आपणांस वाटतें. बेने-इस्रायलांचा इतिहास वाचल्यावर या काटकसरीचा हिशेब पुनः मांडून पाहावा, इतकेंच वाचकांस सुचवावेंसें वाटतें.