औषध

आमच्याकडं पुरंदरात 'औषध' या शब्दाचे दोन अर्थ होते. 'औषध घेतलं' म्हणजे माणूस बरा व्हायच्या वाटेला लागला. 'औषध पिला' म्हणजे गाडी जुंपा आणि सासवड गाठा. पिकावर मारायचं ते विषच. पण त्याला विष कुणी म्हणत नसे. एंड्रीन गावात आलं तेही औषध म्हणूनच.

१९७२च्या दुष्काळानंतर आम्ही पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात बिऱ्हाड केलं. आजीनं अंगणात डालड्याच्या डब्यांतून तुळस, गुलाब, कढीपत्ता लावला. थंडीत गुलाबावर मावा पडला, तसे वडील गावाहून शेतातल्या डब्यातलं थोडं एंड्रीन बाटलीत ओतून घेऊन आले. बाटली कसली, तर खोकल्याच्या औषधाची. वरची चिठ्ठीही तशीच चिकटलेली.

शेतात पंपाला किती झाकणं, हे वडिलांना पाठ होतं. वाड्यात पंप कुठला? बादलीत अंदाजानं ओतलं, पाणी दुधासारखं झालं, आणि केरसुणी बुडवून सगळ्याच झाडांवर शिंपडलं. हाताला काही नाही, नाकातोंडाला फडकं नाही. मावा मेला. तिसऱ्या दिवशी त्याच कढीपत्त्याची पानं आमटीत पडली. कुणाला काही झालं नाही, म्हणून कुणी काही शिकलंही नाही.

त्याच हिवाळ्यात धाकट्या भावाला खोकला झाला. रात्री लाईट गेलेली. आईनं चाचपडत कोनाड्यातली बाटली काढली, चमच्यात ओतलं आणि त्याच्या तोंडाशी नेलं. त्यानं मान फिरवली. "आई, रॉकेलचा वास येतोय." आईच्या हातून चमचा गळून पडला. ती रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली. पुढं कितीतरी वर्षं कुणालाही औषध देण्याआधी ती बाटली हुंगून बघायची.

अशाच एका सरमिसळीतून देशात कायदा आला होता, हे मला फार उशिरा कळलं. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकानं बाधलेलं गव्हाचं पीठ लोकांच्या पोटात गेलं आणि १००हून अधिक माणसं दगावली. त्यानंतर १९६८चा कीटकनाशक कायदा झाला, १९७१ साली त्याचे नियम आले. डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण आली. तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. म्हणजे आमच्या घरात ती बाटली आली तेव्हा कायदा होता. पण खूण डब्यावर असते. डबा शेतात राहिला आणि नुसतं औषध पुण्याला आलं.

एंड्रीनवर पुढं बंदी आली. कुंड्यांतून सर्रास टाकलं जाणारं दाणेदार फोरेटही ३१ डिसेंबर २०२०पासून बंद झालं. तरी माळ्यावर, जिन्याखाली जुन्या पुड्या अजून सापडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर गेले. ती तर रोज फवारणीची सवय असलेली माणसं. मग आपल्या बाल्कनीचं काय? तिथं दोन हातांवर स्वयंपाकघराची खिडकी, खाली रांगतं मूल.

आता मी कोथरूडला गच्चीवर झाडं लावतो. शेजारी विचारतात, "काका, गावाकडचं जोरदार काही मिळेल का? थोडंसंच, बाटलीत." मी नाही म्हणतो. मावा दिसला की पाण्याच्या धारेनं धुवा, साबणाचं पाणी मारा, निंबोळी अर्क वापरा. तंबाखूचं पाणी घरगुती म्हणून निर्धास्त होऊ नका. निकोटिन हेही विषच. विकत आणलंच, तर मूळ डब्यातच ठेवा, त्यावरचं माप पाळा, हातमोजे घाला, आणि फवारल्यावर किती दिवस पान तोडायचं नाही ते वाचा.

आणि घरात त्याला औषध म्हणू नका. आमच्या घरात आई त्या रात्रीपासून विषच म्हणायची.